अर्धी काच

आज सकाळी बंदरावरून शेवटच्या आगबोटीचा भोंगा वाजला. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "चला, गेली एकदाची. आता नारळी पुनवेपर्यंत कुणी यायचं नाही नि कुणी जायचं नाही." एवढं बोलून ती पुन्हा आमसुलांसाठी रतांबे फोडायला बसली. मी ओटीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. त्यात पुन्हा लढाई होणार म्हणून मोठमोठ्या अक्षरांत छापलं होतं. ते वाचायचं सोडून मी भोंगा विरेपर्यंत कान देऊन ऐकत राहिलो.

दरवर्षी वैशाख सरता सरता माझं असं होतं. घाटावरच्या माणसाला हा ऋतू कळायचा नाही. त्याचा एक उन्हाळा असतो आणि एक पावसाळा असतो, संपलं. आमच्याकडे या दोहोंच्या मध्ये एक तिसराच ऋतू आहे आणि पंचांगात त्याला नाव नाही. घाईचा ऋतू म्हणा हवं तर. कौलं परतायची, लाकडं रचायची, भिंतींना माडाची झापं बांधायची, सुकट डब्यात भरायची, फणसाची साठं उलटीपालटी करायची, आणि हे सगळं बोटी बंद व्हायच्या आत. लग्नं त्याच्या आत, कोर्टाच्या तारखा त्याच्या आत, भावाभावांची भांडणंसुद्धा त्याच्या आत उरकून घ्यायची. अंगणात पाय टाकायला जागा नसते. आणि हवेत फणस, सुकट नि घाम यांचा मिळून जो काय वास असतो तो मला फार आवडतो. मी कैक वर्षं मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत अत्तरं लावलेल्या नटनट्यांमध्ये काढली, पण असा वास तिथं एकदाही मिळाला नाही.

अशाच एका घाईच्या ऋतूत, दोन-तीन वर्षांमागे, मी माझा शेवटचा चित्रपट इथं रत्नागिरीत काढला. शेवटचा असं मी म्हणतो. आमची ही म्हणते, मसणात जाईपर्यंत तुमचा शेवटचा चालूच राहणार. मूकपटांच्या काळात माझं नाव होतं. मग बोलपट आले आणि लोकांना वाटलं, साठीला आलेला म्हातारा आता गप्प बसेल. गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. मी पैसे लावणाऱ्या शेठना सांगितलं, मला एक भुताची गोष्ट काढायची आहे, प्रेमाची आहे, फोटोग्राफरची आहे, आणि ती मी माझ्या गावातच काढणार. शेठ म्हणाले, भूत असेल तर काढा. पैसे भुतासाठी दिले होते, हे मी ध्यानात ठेवायला हवं होतं.

गोष्ट एका अर्ध्या काचेची होती. ती काच मी काही डोक्यातून काढलेली नव्हती. ती आमच्या घरात होती, चुलीमागच्या कोनाड्यात, काळ्या कागदात गुंडाळलेली, ओल धरू नये म्हणून डब्यात खाली चुन्याची कळी घालून ठेवलेली. आमच्या हिनं ती तिथं बारा वर्षं सांभाळली.

त्याचं असं झालं. मागची लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती आणि तेव्हा मी नुसता फोटोग्राफर होतो. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर चिऱ्यांची एक लांबट खोली, तिच्या उत्तरेकडच्या छपराला कौलांऐवजी काचा, हा माझा स्टुडिओ. आमच्याकडचे पुरुष मुंबईला नाहीतर बोटीवर. शिमग्याला यायचे, मे महिन्यात चार दिवस यायचे, की पुन्हा चालू पडायचे. नवराबायकोचा एकत्र फोटो हवा प्रत्येकाला, पण दोघं एका वेळी माझ्यासमोर सापडायची मारामार. आणि सापडली तरी सासू-सासऱ्यांच्या देखत एका बाकावर कोण बसणार? बाई घामानं निथळायची, नवरा छपराकडे बघत राहायचा, आणि सासू कॅमेऱ्यामागे उभी राहून खाकरायची. असल्या फोटोत दोघांच्या मध्ये तिसरा माणूस बसेल एवढी जागा राहायची.

मग मी एक युक्ती काढली. फोटो तेव्हा काचेवर निघायचा. कॅमेऱ्यात ती काच बसवायची जी पेटी असते, तिच्यात एक लाकडी पाटी घातली. पाटी सरकवली की अर्धी काच झाकली जायची. बाई दिवाळीनंतर बाजाराला म्हणून यायची, तिच्या अर्ध्यावर तिला घेऊन ठेवायचं. काच धुवायची नाही. औषधात धुतल्याशिवाय चित्र वर येत नाही, ते आत तसंच निजून राहतं. शिमग्याला नवरा आला की त्याला त्याच्या अर्ध्यावर घ्यायचं, आणि मग काच धुवायची. कागदावर दोघं अगदी शेजारी शेजारी, बाई नवऱ्याच्या डाव्या हाताला, जशी बसायला हवी तशी. लोकांनी याला जोडफोटो असं नाव दिलं. जन्मात कधी एका बाकावर न बसलेली जोडपी अजून इथल्या कितीतरी घरांत भिंतींवर बसलेली आहेत. एकदा बाकाची जागा चुकली आणि बायको नवऱ्यापेक्षा हातभर मोठी आली. नवऱ्यानं बराच वेळ फोटो न्याहाळला आणि म्हणाला, "हे खरं असलं तरी भिंतीवर नको."

भागी अशीच जोडफोटोसाठी आली होती. जयगडच्या बाजूचं खाडीकाठचं गाव तिचं. सासरा शिडाच्या मचव्यानं घेऊन आला. तो पूर्वी गलबतावर तांडेल होता, म्हणून सगळे त्याला तांडेलच म्हणायचे. भागीच्या नव्या लुगड्याची खळ अजून गेली नव्हती. तिचा नवरा शिवा नुकताच एका मालाच्या बोटीवर लागला होता आणि शिमग्याला येणार होता. मी म्हटलं, "जरा पलीकडे सरक, इकडची जागा त्याची." ती इतकी सरकली की बाकावरून पडायची वेळ आली. मी म्हटलं, "अगो, नवरा यायचा आहे, हत्ती नव्हे." तशी ती हसली, मग सासरा आहे हे आठवून तिनं हसू आवरलं, पण ओठांच्या कोपऱ्यात थोडं राहिलं. तेवढ्यात मी भिंगावरची टोपी काढली.

शिमग्याला शिवा आला नाही. त्याच्याबरोबरचा एक खलाशी आला, त्यानं सांगितलं, एडनपर्यंत आम्ही एका बोटीवर होतो, मग तो दुसरीवर गेला. शिवानं निरोप दिला होता, बोटी बंद व्हायच्या आत येतो. त्या वर्षी बोटी बंद झाल्या, पुढच्या वर्षी झाल्या, त्याच्या पुढच्या वर्षीही झाल्या. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं आफ्रिकेत दुकान घालून बसलाय, तिथं दुसरी केलीय. खरं काय ते समुद्राला ठाऊक.

भागी दर वैशाखात यायची. आमसुलं नि सुके बांगडे घेऊन बाजारात बसायची, शेवटची बोट लागली की बंदरावर जाऊन पडावांतून उतरणारी माणसं बघायची, आणि परत जाताना आमच्या मागच्या दारी यायची. तोवर मी मूकपट काढायला निघून गेलो होतो. ही तिला गूळपाणी द्यायची. भागीचा प्रश्न ठरलेला होता. "काच हाय ना?"

"आहे गो."

"धुवू नका हां. तो आला का मग."

ही सगळं मला पत्रातून कळवायची आणि वर विचारायची की हे जपून काही उपयोग आहे काय, तुमच्या शास्त्राप्रमाणे सांगा. माझ्या शास्त्राप्रमाणे त्या दमट हवेत दोन-तीन वर्षांत सगळं उडून जायला हवं होतं. पण मी तसं कळवलं नाही. मी एवढंच लिहिलं, चुन्याची कळी दर पावसाआधी बदलत जा. ती बदलत गेली. बारा वर्षं दुसऱ्याच्या बायकोची काच आपल्या चुलीमागे जपायला माणूस मनानं मोठं लागतं. मी तिला हे एकदा तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, "बसा, दोन रतांबे फोडा."

तर आता माझ्या चित्रपटाकडे येतो. गोष्टीतला फोटोग्राफर त्या बाईवर मनातल्या मनात जीव लावतो. नवरा परत येत नाही. अखेर फोटोग्राफर काच धुतो आणि रिकाम्या अर्ध्यावर नवरा बसलेला दिसतो. मेलेला, पण आलेला. शेठना हे बेहद्द आवडलं होतं. लोक अजून मला खोदून विचारतात, तो फोटोग्राफर तुम्हीच काय? मी त्यांना आमच्या हिच्याकडे पाठवतो. ही म्हणते, यांचा सगळा जीव कॅमेऱ्यावर, बाईवर लावायला उरतो कुठं?

चैत्र संपताना आम्ही येऊन दाखल झालो. समुद्राचे देखावे आरे-वारेच्या वाळूत घेतले. नट मुंबईचा, त्याचे पाय भाजले. आवाज टिपणारा माणूस पहिल्या दिवसापासून रडकुंडीला आलेला, कारण नटीनं उसासा टाकला की माडावरचा कावळा ओरडायचा. मी सगळ्यांना ताकीद दिली होती, शेवटची बोट जायच्या आत काम संपलं पाहिजे, नाहीतर इथं अडकलात तर भाजणीची थालीपिठं खात श्रावणापर्यंत राहावं लागेल. त्या घाईत मी असा काही पेटलो होतो की विचारू नका. माझे गुडघे दुखत नव्हते, झोप लागत होती, आणि वीस वर्षांच्या पोरांना माझ्याबरोबर धावता येत नव्हतं.

शेवटचे दोन प्रवेश माझ्या जुन्या स्टुडिओत घ्यायचे होते. बाक तेच, कॅमेरा तोच जुना मांडला होता. आणि एका सकाळी तांडेल आला.

तो फार वाकला होता. उंबऱ्याशीच बसला. मी विचारपूस केली, तर म्हणाला, "बारा वर्सं भरतात ह्या महिन्यात. देवाला कौल लावला. गुरवानं पाकळ्या लावल्या, उजवी पडली, म्हंजे देवाचं होय. पुतळा करून जाळायचा." बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हे आमच्याकडे चालत आलेलं आहे. त्याचा थोरला मुलगा मुंबईहून आला होता, तो शेवटच्या बोटीनं जाणार, त्याआधी उरकायचं ठरलं होतं. "घरात बरं चालत नाय," तांडेल म्हणाला. "लोकांना तो दिसतो. भर दुपारचा धक्क्यावर हुबा असतो म्हणतात. माझा पोरगा किती फिरंल असा? त्याला मोकळा करायला पायजे." मग त्यानं विचारलं, "त्याचा एखादा फोटो हाय काय तुमच्याकडं?"

मी म्हटलं, "नाही. त्याची जागा आहे फक्त."

म्हातारा मान हलवून बसून राहिला. त्याचा राग कसा यावा? पोराला मोकळं करायचं तर सुनेचं कपाळ पुसायचं, तिच्या बांगड्या फोडायच्या, हे त्याला ठाऊक होतं. ते त्याच्या जिवावर आलं होतं, पण दुसरी वाट त्याला दिसत नव्हती.

भागी दुसऱ्या दिवशी एकटी आली. आता तिची तिशी उलटली होती, कानाशी केस पांढरे झाले होते, हात कामानं काळे पडले होते. कुंकू मात्र रुपयाएवढं. ती थेट स्टुडिओत शिरली.

"तुमी भुताचा खेळ करताय म्हणं. त्यात आमचा माणूस भूत हाय."

"तुझा माणूस नव्हे गो. गोष्टीतला माणूस."

"गोष्टीतली बाई अर्ध्या काचेवर बसते नाय?"

"बसते."

"तिचा माणूस बोटीवर जातो नाय?"

"जातो."

"मग तो दुसरा कोण?"

यावर मी कलेबद्दल काहीतरी बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी इथं लिहायच्या लायकीचं नसणार. भागीनं ते ऐकूनही घेतलं नाही. कोपऱ्यात आमचा नट तोंडाला पावडर लावून घेत बसला होता. त्याच्याकडे बोट करून ती म्हणाली, "आणि ह्या पोराचं तोंड लावणार त्याला? मला त्याचं तोंड आता सगळं आठवत नाय. कान आठवतात. हनुवटीवरचा वण आठवतो. सगळं मिळून येत नाय. तुमी ह्याचं तोंड दाखवलंत तर तेच बसंल माझ्या डोळ्यांत. मग तो खराच दारात आला तरी मी वळखायची नाय."

मी प्रेमाच्या गोष्टी ढिगानं काढल्या आहेत. त्यांत राजकन्या होत्या, विषाचे पेले होते, कड्यावरून उड्या होत्या. पण प्रेमात माणसाला खरी भीती कशाची वाटते, हे मला त्या घडीला समजलं. तरीही मी म्हटलं, "भागी, बोट आठवड्यावर आलीय. मला काम पुरं करू दे."

"तुमी तुमचं काम करा," ती म्हणाली, आणि बाकावर जाऊन बसली. तिच्या जुन्या अर्ध्यावर नव्हे. शिवाच्या.

ती उठेना. नट येऊन उभा राहिला, नटी येऊन उभी राहिली, कावळासुद्धा त्या दिवशी गप्प होता, पण भागी उठेना. तिनं आरडाओरडा केला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. दुपारी हिनं तिला ताटात भात-पिठलं आणून दिलं, ते तिनं बाकावरच खाल्लं आणि ताट स्वच्छ करून खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुन्हा येऊन बसली. शेठची तार आली, भूत लौकर घ्या. मी ती तार चुरगळून खिशात घातली. मला भागीचा संताप आला होता आणि खरं सांगतो, तितकंच तिचं कौतुकही वाटत होतं. हट्टी माणसाला हट्टी माणूस लगेच कळतं.

तिसऱ्या दिवशी तांडेल तिला न्यायला आला. पुतळ्याचा दिवस उद्याचा ठरला होता. तो दारात उभा राहून म्हणाला, "चल पोरी. किती दिवस बसशील?"

भागीनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग भात घेऊन आलेल्या आमच्या हिला ती म्हणाली, "वैनी, काच आणा."

ही लगबगीनं घरी गेली आणि डबा घेऊन आली. भागी मला म्हणाली, "आज धुवा. पण आधी ही जागा भरा."

"कुणी बसायचं?"

"मी. बारा वर्सं ही जागा मीच राखली. आता दुसरं कोण बसणार?"

मी तिला समजावून सांगितलं की काच फार जुनी आहे, आतलं चित्र बहुतेक उडून गेलं असेल, काहीच यायचं नाही. ती म्हणाली, "नाय आलं तर नाय आलं. मला बसू तर द्या."

मी सगळ्यांना बाहेर घालवलं. फक्त तांडेल राहिला, तो उंबऱ्याशी बसला. लाकडी पाटी मी उलट्या बाजूला सरकवली, काळ्या कापडात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणूस उलटं दिसतं, खाली डोकं वर पाय, हे मी जन्मभर पाहत आलो. भागी ताठ बसली. पदर नीट केला, कुंकू हातानं चाचपलं, बांगड्या पुढे घेतल्या. कुठं बघू, असं तिनं विचारलं नाही. मी भिंगावरची टोपी काढली आणि मनातल्या मनात आकडे मोजून पुन्हा लावली.

अंधारखोलीत ती माझ्याबरोबर आली. तांबड्या दिव्याच्या उजेडात बशीतली काच हलवत मी वाट बघत होतो. तिचं आत्ताचं चित्र भराभर वर आलं. दुसरा अर्धा भाग धुरकट होऊ लागला आणि मी मनाशी म्हटलं, गेलं. मग त्या धुरकटात एक पदर दिसला, एक हात, आणि हळूहळू एक कोवळा चेहरा. भागीनं माझा दंड धरला आणि तो काच बाहेर काढीपर्यंत सोडला नाही.

काच वाळली, उन्हात कागदावर फोटो उतरवला. एका बाजूला तिशी उलटलेली भागी, कपाळावरच्या रेषांसकट ठसठशीत. तिच्या शेजारी ती नवी सून, भाताच्या वाफेआड बसल्यासारखी फिकट, एका बाजूला सरकून बसलेली. जन्मभर भुतं दाखवली मी, काळे दोरे लावून, दुहेरी फिल्म चालवून. असलं भूत मला कधी साधलं नव्हतं. आणि त्यातलं भूत नवऱ्याचं नव्हतं, तिचं स्वतःचंच होतं.

तांडेलनं फोटो हातात घेऊन उजेडात धरला. "ही कोण?" त्यानं फिकट पोरीवर बोट ठेवून विचारलं.

भागी म्हणाली, "ही तुमच्या शिवाची बायको. हिला न्या. उद्या त्याच्या डाव्या हाताला ठेवा. ती त्याच्याच वाटेकडं बघत सरली." मग तिनं दुसऱ्या अर्ध्यावर हात ठेवला. "ही मी हाय. तुमच्या घरात रांधते, तुमची खाचरं लावते, तुमाला औषध देते. हिला कुणी हात लावायचा नाय. ना कपाळाला, ना हाताला."

आमच्या हिनं कात्री आणून दिली. भागीनं स्वतः फोटो मधोमध कापला आणि एक अर्धा सासऱ्याच्या हातात ठेवला. तांडेलनं तो टोपीत ठेवला, टोपी डोक्यावर घातली, आणि निघून गेला. भागीही त्याच्या मागून गेली.

माझ्या चित्रपटाचं म्हणाल तर मी शेवट बदलला. भागीला विचारून बदलला. ती म्हणाली, "घ्या. बायांना बघू दे." नटीलाच म्हातारी करून तिच्याच शेजारी बसवली आणि बोटीच्या आदल्या दिवशी संपवला. शेठ संतापले. म्हणाले, "भूत कुठाय?" मी म्हटलं, "समोर बसलंय की. तरुणपणी मेलेलं." मुंबईत लोकांनी शिट्ट्या घातल्या, पहिल्या आठवड्यात उतरला. इथं रत्नागिरीत तंबूत दाखवला तेव्हा पुरुष कंटाळून बाहेर विड्या ओढत होते आणि बायकांच्या बाजूला चिडीचूप होतं. खेळ संपल्यावर त्या लवकर उठल्या नाहीत. माझ्यापुरता तो चित्रपट चालला. आज भोंगा ऐकताना मला तो आठवला नाही, फोटो कापला त्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार आठवली.

त्या दिवशी मी मचव्यानं त्यांच्या गावी गेलो. माझं तिथं काही काम नव्हतं, पण मला राहवलं नाही. खाडीच्या काठी पुरुषांनी पळसाची पानं दर्भानं बांधून माणूस केला होता, डोक्याच्या जागी नारळ. ऊन मी म्हणत होतं. भटजींनी मंत्र म्हटले. थोरल्या मुलानं चूड हातात घेतली, तेव्हा तांडेल पुढे झाला, टोपी काढली, तिच्यातला अर्धा फोटो काढून पुतळ्याच्या डाव्या अंगाला ठेवला आणि तो वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक पळसाचं पान खोवलं. भटजी काहीतरी म्हणायला गेले. तांडेलनं त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पानं सुकी होती, फार वेळ लागला नाही.

सगळ्यांनी खाडीत अंघोळी केल्या आणि ओल्या अंगानं वर घराकडे आलो. पडवीत बायका जमल्या होत्या. भागी खांबाला टेकून मधोमध बसली होती, हात मांडीवर, कुंकू तसंच. तिच्या डोळ्यांत भीती होती, ती तिनं लपवली नाही, पण हातही मागे घेतले नाहीत. भावकीतली एक म्हातारी तिच्यासमोर दगड घेऊन तयार होती. सगळ्याजणी तांडेलच्या तोंडाकडे बघत होत्या, कारण त्यानं मान हलवली की पुढचं सुरू व्हायचं.

तांडेल पायरीवर थांबला. त्याच्या अंगावरून पाणी गळत होतं. तो म्हातारीपाशी गेला, वाकून तिच्या हातातला दगड घेतला आणि अंगणात टाकला.

"उठा गो बायांनो, घरी जा," तो म्हणाला. "जिच्या बांगड्या फोडायच्या ती शिवाच्या संगती गेली. मी दोघांना आत्ताच पोचवून आलो."